मोठा काढला, एवढासा लावला

रेडिओ नाही हं मी! सगळे आधी तेच म्हणतात. लाकडी खोकं, त्यावर भरतकामाचा रुमाल, पुढे दोन मोठी बटणं, तो रेडिओ. त्याचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मी त्याच्या पोटातला. करंगळीएवढा लांब, मेणचट पिवळा, दोन्ही टोकांना एकेक तार. मित्रांनो, मी एक जुना कंडेन्सर आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. मला चौकशीची भारी खोड आहे, आणि त्या खोडीपायी मला जे जे कळलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने कागदाची लांब पट्टी घेतली, तिच्यावर धातूचा वर्ख ठेवला, मिठाईवर लावतात ना तसला पातळ. मग पुन्हा कागद, पुन्हा वर्ख, आणि सगळ्याची घट्ट सुरळी वळली. ती सुरळी म्हणजे मी. मग मला गरम मेणात बुडवलं, ओल आत शिरू नये म्हणून. एका वर्खाची तार या टोकाला, दुसऱ्याची त्या टोकाला. आणि गंमत अशी की हे दोन वर्ख एकमेकांना कुठेच शिवत नाहीत, मध्ये कागद आहे! मला पहिलाच प्रश्न पडला. एका तारेने आलेलं काही दुसऱ्या तारेपर्यंत जाणार कसं? आणि जाणारच नसेल, तर मला दोन तारा कशाला? डब्यात माझ्याबरोबर पुष्कळ भावंडं होती. मी सगळ्यांना विचारून पाहिलं. एकालाही ठाऊक नव्हतं, आणि एकालाही त्याचं काही वाटत नव्हतं. नुसते पडून होते मेले.

उत्तर मिळालं ते मला रेडिओत झाळून बसवल्यावर. पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा ती माझ्या एका तारेवर येऊन आदळली. जड, सरळ ढकलणारी, रेडा दाराला डोकं लावून उभा राहतो तशी. ती कागदापाशी येऊन थांबली. पण तिच्या अंगावर एक बारीक थरथर होती. ती थरथर मात्र कागदाला भोक न पाडता पलीकडच्या वर्खात उमटली आणि दुसऱ्या तारेने निघूनही गेली! म्हणजे माझं काम हे होतं तर. जड विजेला अडवायचं आणि थरथरीला जाऊ द्यायचं. माझ्यापुढे एक मोठा काचेचा व्हॉल्व्ह बसलेला होता, आत दिव्यासारखा तांबूस उजेड असलेला. माझ्याकडून आलेली थरथर तो मोठी करायचा आणि स्पीकरला द्यायचा. ती जड वीज त्याच्यापर्यंत पोचली तर तो तापून तापून जळून जाणार, म्हणून मध्ये मला बसवलं होतं.

पण ती थरथर कसली? कुणाची? कशासाठी? ते काही कळेना. रेडिओ बंद असला की मला माणसांचं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. चालू झाला की माझ्या अंगात एवढी थरथर सुरू व्हायची की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नसे. रेडिओ बंद झाल्यावर माणसं म्हणायची, "काय गायला!" मी व्हॉल्व्हला विचारायचो, कोण गायला? कधी गायला? तो आपल्याच तोऱ्यात. म्हणायचा, काम कर.

सुरुवातीची वर्षं आम्ही खामगावात होतो, कापसाच्या एका जिनिंग कारखान्यातल्या मॅनेजरच्या बंगल्यात. तिथे आमचे फार लाड झाले. मग मॅनेजरसाहेबांची बदली झाली आणि त्यांनी रेडिओ विकायला काढला. तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती आणि जवळच्या पिंपळगाव राजात नुकतेच विजेचे खांब आले होते. तिथल्या नारायणरावांनी आम्हाला विकत घेतलं. बैलगाडीत कडब्यावर ठेवून, वर घोंगडी पांघरून आम्हाला गावात आणलं. नारायणराव गाडीबरोबर चालत आले, खड्डा आला की खोक्याला हात लावून धरायचे. घरी त्यांच्या पत्नी गोजरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी रेडिओवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मूलबाळ नव्हतं त्या दोघांना.

पुढे थोड्याच वर्षांत नारायणराव आजारपणात गेले. त्या घरात गोजरबाई आणि रेडिओ असे दोघंच उरले. पण घर ओस पडलं नाही. दुपारी नागपूर केंद्रावर बायकांचा कार्यक्रम लागायचा. ज्या वावरात, म्हणजे शेतात, गेलेल्या नसत त्या बायका जेवणं उरकून गोजरबाईंच्या ओसरीवर जमायच्या. कुणी डाळ निवडायचं, कुणी वाती वळायचं. समोरच्या घरातली जनकाबाई रोज आधी येऊन जागा धरायची. तिची सासू फार कडक, पण रेडिओला ती अडवत नसे. कार्यक्रम संपून रेडिओ बंद झाला की मला त्यांचं हसणं-बोलणं ऐकू यायचं. गोजरबाई सगळ्यांत मोठ्याने हसायच्या.

आता एक मजेची गोष्ट सांगतो. मजेची तुमच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे!

एका पावसाळ्यात रेडिओ खरखरायला लागला. हवेतली ओल आत शिरली होती. गोजरबाईंनी विचार केला. ओल लागली तर आपण काय करतो? मिरच्यांना ऊन देतो. डाळीला ऊन देतो. मग रेडिओलाच काऊन नाही? झालं! उन्हाळ्यात वाळवणाचे दिवस आले, अंगणात खाटा टाकल्या, त्यांवर धोतरं अंथरली. एका खाटेवर शेवया, एकीवर कुरड्या, आणि तिसरीवर पापडांच्या शेजारी रेडिओ, मागची फळी काढून, पोट उन्हाकडे करून! वैशाखातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर विचारू नका. पण सांगायला हवं की त्या वर्षी रेडिओ खरंच बरा झाला. ओल उडून गेली. मग काय, गोजरबाईंनी गावभर सांगितलं, "रेडिओले ऊन दाखवा लागते, तवा तो नीट बोलते." दरवर्षी पापडांबरोबर आमचीही वारी खाटेवर ठरलेली. ओल गेली हे खरं, पण त्या उन्हात माझं मेण वितळायला लागलं. थेंब थेंब करून ते खाली पत्र्यावर ठिबकलं आणि तिथेच थिजून बसलं. मुंगळे येऊन हुंगून गेले, त्यांनाही ते आवडलं नाही. मेणाशिवाय माझा कागद उघडा पडला, आणि पुढच्या पावसाळ्यात ओल सरळ माझ्या अंगात मुरली.

त्यानंतर ती जड वीज माझ्याकडून पुरती अडेना. दार बंद असून फटीतून पाणी यावं तशी ती पलीकडे जाऊ लागली. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठे आहे? दोन तारा आहेत फक्त. व्हॉल्व्हमहाराज तापले, रेडिओचा आवाज घोगरा झाला, आणि एक दिवस व्हॉल्व्ह गेला. खामगावहून तुळशीराम आला. रेडिओ दुरुस्तीचं त्याचं छोटंसं दुकान होतं, आणि बाजाराच्या दिवशी तो सायकलवर पिशवी अडकवून आसपासच्या गावांतही फिरायचा. त्याने जळका व्हॉल्व्ह काढला, नवा बसवला, रेडिओ बोलला. सगळे खूश. दिवाळी जवळ येईपर्यंत तोही व्हॉल्व्ह जळाला.

आणि मग, मित्रांनो, ओसरी रिकामी झाली. पहिले एक-दोन दिवस बायका चौकशीला आल्या, मग येईनाशा झाल्या. दुपार व्हायची. रेडिओ मुका. समोरच्या घरातून भांड्यांचा आवाज यायचा. गोजरबाई ओसरीवर एकट्याच डाळ निवडत बसायच्या, आणि निवडलेलीच पुन्हा निवडायच्या. एकदा त्या रेडिओवरचा रुमाल सारखा करत हळूच म्हणाल्या, "रेडिओसाठी येत होत्या बाप्पा त्या. माह्यासाठी कोन येते!" ते ऐकून मला जे वाटलं ते मी सांगतोच. फार वाईट वाटलं मला.

त्यांचे चुलत दीर हिंमतराव शेजारीच राहायचे. त्यांनी नवा ट्रान्झिस्टर घेतला होता, खांद्याला लटकवून फिरता येईल असा. ते येऊन म्हणाले, "वहिनी, फेका ते डबडं. खोक्यात कोंबडीचे पिल्लं तरी ठेवता येतील. रेडिओ आयकाचा असन तं आमच्या ओसरीत या." त्यांच्या ओसरीत दिवसभर पुरुषमाणसं तंबाखू मळत बसलेली असायची. तिथे कोण बाई जाणार?

गोजरबाईंनी तुळशीरामला निरोप धाडला. तो आला, पण तोंड पाडूनच.

"काकू, हा माह्याजवळचा शेवटचा व्हॉल्व्ह," तो म्हणाला. "असे आता येनं बंद झाले. एका मोडक्या रेडिओतून काढून ठेवला होता. हा बी गेला तं मंग तुमचा रेडिओ गेला समजा."

गोजरबाईंनी घोंगडी अंथरली आणि तिच्यावर समोर बसल्या. त्यांचा नियमच होता. रेडिओ त्यांच्या डोळ्यांसमोर उघडायचा, आणि काढलेला प्रत्येक भाग त्यांच्या हातात द्यायचा. गावोगाव तेव्हा असं बोललं जायचं की दुरुस्तीवाले चांगला माल काढून घेतात आणि टाकाऊ घालतात. पहिला जळका व्हॉल्व्ह त्यांनी कोनाड्यात जपून ठेवला होता, आणि आता काढलेला दुसराही त्यांच्या हातात आला.

तुळशीराम नवा व्हॉल्व्ह बसवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा हो भाऊ. हा दिवा जळते, तुमी दुसरा लावता. तो बी जळते, तुमी तिसरा आनता. पन दिव्याले जाळून कोन राह्यलं, ते पाह्यलं काय?"

तुळशीराम हातातला व्हॉल्व्ह तसाच धरून बसला. मग खळखळून हसला. "नाही पाह्यलं काकू. खरं सांगतो, व्हॉल्व्ह जुना होता, असाच गेला असन, असं वाटलं."

"मंग पाहा ना!"

त्याने रेडिओ उपडा केला. माझ्या अंगावर सरळ उजेड पडला. गोजरबाईही वाकून पाहू लागल्या. त्यांनाच आधी दिसलं. "हे काय गळलं इथीसा? तुपावानी?"

तुळशीरामने नखाने खरवडून पाहिलं. "मेन हाये. याचं मेन." त्याने माझ्यावर बोट ठेवलं. "पन इतकं मेन गळलं कसं? भट्टीवर ठेवलं होतं काय रेडिओले?"

गोजरबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "पापडाच्या खाटेवर ठेवत होतो."

तुळशीराम इतका हसला की त्याच्या हातातला स्क्रू पिळायचा पेचकस खाली पडला. गोजरबाईंना आधी राग आला, मग त्याही हसू लागल्या. माझ्या अंगाची काहिली झाली होती त्या उन्हात, आणि यांना हसू येतंय! पण खरं सांगू? त्या घरात फार दिवसांनी कुणी हसत होतं, म्हणून मी गप्प बसलो.

तुळशीरामने माझी एक तार सोडवली आणि मीटरची टोकं मला लावली. काटा हलला. "हा पाहा चोर," तो म्हणाला. "काटा हलाले नाही पाह्यजे. याचं काम चाळनीचं हाये काकू. पीठ जाऊ द्याचं, कोंडा अडवाचा. चाळनीले भोक पडलं."

"मंग भाकरीत कोंडाच," गोजरबाई म्हणाल्या. त्यांना पटकन कळलं. मला तर ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण चोर? चोर म्हणे! इतके उन्हाळे उघड्या अंगाने त्या रेड्याला अडवून धरलं, ते याच्या लेखी काहीच नाही. मला अस्सा राग आला त्याचा.

त्याने तापलेली सळई लावली, कथील वितळलं, आणि मी सुटलो. गोजरबाईंच्या तळहातावर येऊन पडलो. माझ्या जागी त्याने खिशातून एक नवा कंडेन्सर काढून झाळला. मग शेवटचा व्हॉल्व्ह बसवला, रेडिओ सरळ केला आणि बटण फिरवलं.

मित्रांनो, आता जे झालं ते कसं सांगू! रेडिओ तापला आणि एक बाई गाऊ लागली. मी बाहेर होतो. माझ्या अंगात थरथर नव्हती. मला ऐकू आलं! आधी मला कळेचना की खोलीत कोण आलं. मग ती एका जागी आवाज लांबवून थांबली, आणि मी ओळखलं. अरे, ही तर ती थरथर! हे असं वर-खाली जाणं, हे कापणं, हे तर रोज माझ्या अंगातून जात होतं. गाणं होतं होय ते! एवढं सुंदर काही माझ्यातून जात होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी त्या तळहातावर पडून ऐकत राहिलो. गोजरबाईंचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता सगळं ठीक झालं.

कसलं ठीक! गाणं संपलं. गोजरबाईंनी हातातल्या माझ्याकडे पाहिलं, मग रेडिओच्या मागून आत डोकावून नव्याकडे पाहिलं. तो तांबूस, चपटा, चिंचोक्याएवढा. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"भाऊ, मोठा काढला, अन् एवढासा लावला?"

"काकू, नवे असेच येतात. यात कागद नाही, मेन नाही, प्लॅस्टिकचा पापुद्रा हाये. लहान हाये पन याच्याहून चांगला हाये."

ते "लहान पण चांगला" ऐकलं मात्र, गोजरबाईंचा चेहराच बदलला. "लहान हाये पन चांगला हाये," त्या म्हणाल्या. "हेच म्हनलं होतं हिंमतरावनं. हे गेले तवा मले म्हनलं, वहिनी, तुमी एकट्या, मोठं वावर तुम्हाले झेपनार नाही. हे लहान घ्या, लहान हाये पन माती चांगली हाये. मोठं वावर घेऊन बसले, अन् मले मुरमाड देलं. तवा मी मान हालवली. आता नाही हालवत. तो माहा मोठा परत लावा."

"काकू, मी तसा मानूस नाही हो!"

"कोनीच तसं नसते बाप्पा. लावा परत."

"व्हॉल्व्ह जाईन. शेवटचा हाये."

"लावा म्हनतो ना!"

गोजरबाई चिडल्या होत्या. तुळशीरामला फार लागलं. त्याने पिशवी भरायला घेतली, मग थांबला आणि पुन्हा सळई तापत ठेवली. चिंचोका बाहेर आला, मी आत गेलो.

आधी मला वाटलं, बरं झालं! कोण तो एवढासा उपटसुंभ, आला आणि बसला माझ्या जागेवर. पण बटण फिरलं, आणि ती जड वीज येऊन मला टेकली, तेव्हा माझी घमेंड उतरली. मी अंग आवळलं. आत्ता कुठे मला कळलं होतं की माझ्यातून काय जातं. आत्ता कुठे मी गाणं ऐकतानाचा गोजरबाईंचा चेहरा पाहिला होता. हा व्हॉल्व्ह गेला तर त्यांची दुपार कायमची मुकी होणार, हेही मला माहीत होतं. मी जीव तोडून अडवलं हो! पण कुजलेल्या कागदाने अडवून अडवून किती अडवणार? फटीतून ती निघालीच.

आत बसून मला बाहेरचं ऐकू येत नव्हतं. पुढचं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. रेडिओचा आवाज आधी बरा लागला. गोजरबाई म्हणाल्या, "पाहा, बोलून राह्यला का नाही?" तुळशीराम म्हणाला, "बोलते. जराक थांबा. पन माह्यावर इश्वास ठेवू नका. तुमच्याच डोयानं पाहा. खिडकी लावा, ही घोंगडी डोक्यावर घ्या, अन् मागून आत पाहा. हात लावाचा नाही हं, करंट लय जोराचा हाये. मी बटनाले हात लावून बसतो."

गोजरबाईंनी घोंगडी डोक्यावरून घेतली आणि आत पाहिलं. त्या घोंगडीखालच्या अंधारात मला त्यांचे दोन डोळे दिसले. त्यांना व्हॉल्व्ह दिसला. आतला दिवा नेहमीसारखा तांबूस होता. पण त्याच्याभोवतीचा पत्रा, जो काळा असायला हवा, तो एका कडेने लाल व्हायला लागला होता. हळूहळू लाली पसरली. चुलीवर रिकामा तवा राहून गेला की होतो तसा. तोवर आवाजही घोगरा झाला होता.

"बंद करा! अवो भाऊ, बंद करा ना लवकर!" गोजरबाई घोंगडीतूनच ओरडल्या.

खट् झालं. वीज गेली. मी सुस्कारा सोडला. व्हॉल्व्ह हळूहळू काळा पडला, आणि वाचला.

"आता तो लहान लावून दाखवा," त्या म्हणाल्या.

पुन्हा सळई, पुन्हा कथील. चिंचोका आत, मी तळहातावर. पुन्हा घोंगडी. या वेळी त्या खूप वेळ पाहत राहिल्या. तुळशीराम दोनदा म्हणाला, काकू, बस झालं. त्या हलेनात. रेडिओवर बातम्या झाल्या, एक गाणं झालं, दुसरं सुरू झालं. पत्रा काळाच राहिला. शेवटी घोंगडी बाजूला झाली. गोजरबाईंचे केस विस्कटले होते आणि तोंड घामाने निथळत होतं.

"एखाद्या वेळी लहान बी खरंच चांगलं निघते तं," त्या म्हणाल्या. मग तुळशीरामकडे न बघता पुढे म्हणाल्या, "भाऊ, मले राग तुमचा नव्हता. चुकलं माहं. जेवून जा."

तुळशीराम म्हणाला, "जेवतो. पन पापड नोको."

जाण्यापूर्वी त्याने माझ्यासारखे मेणाचे जे जे होते ते सगळे तपासले. बरेचसे माझ्याच वाटेवर होते. त्यांच्याही जागी नवे आले. गोजरबाईंनी एकेकाला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि माझ्याबरोबर कोनाड्यात ठेवलं. तिथे ते दोन जळके व्हॉल्व्ह आहेत. त्यांनी माझ्याशी अबोला धरला आहे. धरू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरबाईंनी रेडिओचा आवाज अगदी मोठा केला आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. जनकाबाई हातातली डाळ घेऊन धावतच आली. तिच्यामागून बाकीच्या. ओसरी भरली. गोजरबाईंना कुणाला कुठे बसवू नि कुणाला नको असं झालं होतं.

चार-आठ दिवस असेच गेले. मग एका दुपारी, कार्यक्रम नुकताच सुरू झालेला असताना, लाइट गेली. रेडिओ मध्येच गप्प झाला. गोजरबाईंचा चेहरा एकदम पडला. त्यांनी उगाच दोन वेळा बटण फिरवून पाहिलं. मग उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गेली बाप्पा लाइट. आज काही येत नाही आता. जा बायांनो आपापल्या घरी."

कुणी उठलं नाही. जनकाबाई डाळ निवडतच राहिली.

"अवो, रेडिओ बंद पडला ना," गोजरबाई म्हणाल्या.

"पडू द्या ना," जनकाबाई म्हणाली. "आमी काय रेडिओसाठी येतो, काकू?"

"मंग इतके दिवस बंद होता तवा काऊन नाही आल्या?"

जनकाबाईने सूप खाली ठेवलं. "घरी काय सांगून याव? काकूसंग बोलत बसाले जातो म्हनलं तं सासू म्हनते, घरचे कामं सरले काय? रेडिओ आयकाले जातो म्हनलं तं गप बसते. तिले वाटते सरकारचा कार्यक्रम हाये, गेलंच पाह्यजे. रोज तुमच्या दाराकडे पाहून जीव तुटे आमचा. पन निमित्त नव्हतं ना काही!"

"अन् आता लाइट गेली, हे कळलं तं तुही सासू?"

"आमच्या घरी लाइट हायेच कुठं? तिले कसं कळन!"

सगळी ओसरी हसली. दोघी-तिघींनी तर तोंडात पदर कोंबला, समोर सासूला ऐकू जाईल म्हणून. गोजरबाई मात्र हसल्या नाहीत. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पदराने डोळे पुसले, आणि "थांबा, च्या ठेवतो," असं म्हणत आत गेल्या. लाइट संध्याकाळपर्यंत आली नाही. बायका मात्र ऊन उतरेपर्यंत बसल्या होत्या.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी म्हणायचं असतं, मला जपा, मला टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. ज्या वस्तूवर माया आहे तिच्या पोटात डोकावून पाहा. आतला कोण थकला आहे ते शोधा, त्याला वेळेवर सुटी द्या, आणि उरलेल्यांना जगू द्या. मायेपोटी थकलेल्यालाच कामाला जुंपून ठेवलंत तर तो शेजाऱ्यालाही घेऊन बुडेल. मला बाहेर काढलं म्हणून रेडिओ वाचला, आणि म्हणून मला गाणंही ऐकायला मिळालं. मला फेकलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या गल्लीत कुणी एकटं राहत असेल, तर त्याच्या ओसरीवर जाऊन बसायला रेडिओ लागायची वाट पाहू नका.